पंखा थांबला पाहिजे

डहाणूच्या लाइट कंपनीचे मॅनेजर सावे त्या दिवशी सकाळी खुशीत होते, कारण गावाची वीज बनवणाऱ्या इंजिनातलं डिझेल संपत आलं होतं.

जमनादास शेठनी तालुक्यातल्या सगळ्या तेलवाल्यांना बांधून घेतलं होतं. कंपनीला तेल विकायचं ते फक्त शेठनी, आणि तेही शेठ म्हणतील त्या भावानं. कंपनीनं या मक्तेदारीविरुद्ध दावा लावला. शेठचं म्हणणं, तेल दुसरीकडेही मिळतं, कंपनीच शोधत नाही. आज शेवटची सुनावणी होती. ऐन सुनावणीत न्यायाधीशांच्या डोक्यावरचा पंखा थांबला की मक्तेदारी म्हणजे काय ते त्यांना आपोआप कळेल, असा साव्यांचा बेत होता.

वाढवणची मासेवाली नवशी पापलेट घेऊन साव्यांच्या दारात आली. साव्यांनी भाव पाडण्यासाठी चेहरा पाडला. "आमचं इंजिन कोरडं पडतंय बघ दुपारपर्यंत. जरा कमी कर."

"कोरडं?" नवशीनं पापलेट ओट्यावर ठेवलं आणि पैसे न घेताच ती तरातरा निघून गेली. साव्यांना वाटलं, आपल्याला घासाघीस चांगली जमते.

वाढवणची रीत त्यांना ठाऊक नव्हती. दर्यात कुणाची बोट तेलावाचून अडली, तर दिसेल त्यानं आपलं तेल द्यायचं. बोट कुणाची ते विचारायचं नाही.

कोर्टात कंपनीचे वकील म्हणाले, "शेठशिवाय या गावात तेलाचा थेंब मिळत नाही, साहेब."

पंखा मंदावला आणि थांबला. न्यायाधीशांनी कपाळ पुसलं. साव्यांनी रुमालाआड हसू लपवलं. वकिलांनी मक्तेदारीवर अजून चार वाक्यं टाकली, तोच पंखा पुन्हा गरगरू लागला. साव्यांचं हसू रुमालातच राहिलं.

दारात नवशी उभी होती. तिच्यामागे तिचा नवरा चंदर, कोपरापर्यंत तेलानं माखलेला.

"सायेब, घाबरू नका," ती साव्यांना म्हणाली. "खाडीतून बोटीनं पिंप आणला, इंजिनात ओतला. आजून लागला तं सांगा. आमचे मच्छीमार सोसायटीत हाय तेल."

शेठचे वकील उठलेसुद्धा नाहीत. शेठनी टोपी नीट केली.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, कंपनी तुमची कोण लागते?"

"कोण नाय. आमचे पाड्यात तं लाइट पण नाय. सायेबांना लय येळा इचारलं. खांब परवडत नाय, सांगतात."

"मग दुसरीकडून घ्यायची."

"दुसरीकडं कुठं? लाइट इकणारं हेच एकटं."

कोर्ट हसलं. शेठ सगळ्यांत मोठ्यानं हसले. साव्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दावा गेला ते त्यांना कळलं होतं, पण मान खाली गेली ती त्यासाठी नव्हती.

"कंपनीला काही सांगायचं आहे?"

सावे उठले. "वाढवणला खांब टाकतो, साहेब."

"दावा तेलाचा आहे."

"हो, साहेब," म्हणत ते खाली बसले. डोक्यावरचा पंखा जोरात फिरत होता आणि ते घामानं भिजले होते.

बाहेर पडताना नवशी त्यांच्याजवळ वाकली. "सायेब, पापलेट आजच खावा. ताजा हाय."