कठड्यावरची निळी वही

"ओसाका शहरात गुन्हेगार दोन प्रकारचे. एक, ज्यांना मी पकडलंय. दुसरे, जे माझ्या नुसत्या नावाने झोपेत दचकतात." हे आमच्या कुरामोचीसाहेबांच्या कार्डाच्या मागे छापलेलं आहे. पहिल्या प्रकारात आजवर एकही इसम जमा नाही, म्हणजे सगळे दुसऱ्यातच असावेत. मी मिचिए, साहेबांची सहाय्यक. चौदा वर्षं झाली. माझ्या सहनशक्तीबद्दल याहून जास्त काय सांगू?

साहेबांची हत्यारं तीन: भर मे महिन्यातही न उतरणारा लांब कोट, एक भिंग आणि एक लाल शिक्का, 'पुरावा! कुरामोची गुप्तहेर कार्यालय'. हाताला लागेल त्यावर तो शिक्का बसतो. माझ्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा आहे.

त्या दिवशी साहेब अकरा वाजता उगवले, छातीशी बॅग कवटाळून.

"मिचिएबाई, हेरांची टोळी! आत्ता येता येता त्यांचा गुप्त निरोप हस्तगत केला. दाखवणार नाही. तुमच्या जिवाला धोका आहे."

"नका दाखवू," म्हटलं, आणि चहा ठेवला.

दोनच्या सुमारास शिगेनोकाकू धापा टाकत वर आल्या. वय एकाहत्तर, दूर बेटावर राहणाऱ्या, ओसाकात पहिल्यांदाच आणि त्याही एकट्या. त्यांचे यजमान तरुणपणी इथे कामाला होते. बायकोला शहर दाखवीन म्हणता म्हणता चाळीस वर्षं गेली. शेवटी तिकिटं काढली, तर गृहस्थ न्हाणीघरात घसरले आणि कंबरेचं हाड मोडून बसले.

"म्हणाले, तू जा. मी वहीत सगळं लिहून देतो," काकू सांगत होत्या. "प्रत्येक पानावर एक ठिकाण, कुठून वळायचं, काय बघायचं. तिथे पाहुण्यांसाठी आठवणीचा शिक्का ठेवलेला असतो, तो त्या पानावर मारून आणायचा, म्हणजे मी खाटेवरून बघीन. निळ्या कापडाची वही हो. हरवली! पाचला माझी बस आहे बंदराकडे. हे वाट बघत असतील. कुठल्या तोंडाने जाऊ?" त्यांना रडू आवरेना. माझेही डोळे भरून आले.

"आधी पोलीस चौकीत जाऊ या," मी म्हटलं.

"चौकीत? मी असताना?" साहेबांनी भिंगातून काकूंकडे पाहिलं. "आज अनोळखी माणसाने काही खायला दिलं?"

"तीन बायकांनी गोड गोळ्या दिल्या."

"झालं! गुंगीचं औषध!"

"साहेब, ओसाकातली बाई अनोळखी माणसाला गोळी दिल्याशिवाय राहते का? माझ्याच पिशवीत आत्ता अकरा आहेत."

"बरं. कुठे कुठे गेलात? किल्ला, देऊळ, मनोरा? नकाशावर जोडा! त्रिकोण झाला!"

"तीन ठिकाणं जोडल्यावर दुसरं काय होणार?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

"मग वही तुमच्या यजमानांनीच पळवली."

"अहो, ते खाटेवरून हलत नाहीत!"

"अट्टल माणूस दिसतोय. सबब आधीच तयार ठेवली."

पावणेचार झाले. मी काकूंचा हात धरला आणि जिना उतरले. साहेब बॅग घेऊन मागोमाग. किल्ला आणि मनोरा कालच झाले होते; वही शेवटची उघडली होती देवळात, आज दहा वाजता. आमच्याकडे रस्त्यात कुणाचं काही पडलं, तर उचलणारा ते तिथेच कठड्यावर नाहीतर कुंपणावर ठेवतो. मालक परत येतोच. काकूही परत येऊन सगळे कठडे बघून गेल्या होत्या. एक लहान मुलाचा बूट सापडला, एक कवळीही. वही नाही.

देवळाच्या दाराशी लोणच्याचं दुकान आहे, तोमेकोमावशींचं.

"निळी वही ना? मीच ठेवली की कठड्यावर. वारा होता म्हणून वर दगडही ठेवला. साडेदहाला एका माणसाने नेली."

"वर्णन!" साहेबांनी पेन्सिल काढली.

"लांब कोट."

"या उकाड्यात! नक्कीच काहीतरी लपवतोय. पुढे?"

"हातात भिंग. चेहरा बावळट."

"बा-व-ळ-ट. हे सोंग असणार, मिचिएबाई. माणूस धूर्त आहे. पुढे?"

"पुढे काय? तो माझ्यासमोर उभा राहून लिहितोय."

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मी त्यांच्या हातातली बॅग ओढली आणि उघडली. निळी वही!

"ही वेगळी केस आहे!" साहेब ओरडले. "दगडाखाली ठेवलेली वही, आत किल्ल्याचे रस्ते! कुणालाही हेरच वाटणार!"

काकूंनी वही छातीशी धरली, मग घाईघाईने पानं उलटली. किल्ला, देऊळ, मनोरा, सगळं जागच्या जागी होतं. शेवटच्या पानावर यजमानांच्या कापऱ्या अक्षरात एवढंच होतं: 'माझं ओसाका संपलं. इथे तुला सापडलेलं काहीतरी.' ते पान काकूंनी मुद्दाम कोरं राखलं होतं.

त्याच्या बरोब्बर मधोमध, तिरका, लालभडक: 'पुरावा! कुरामोची गुप्तहेर कार्यालय'.

मी चप्पल काढणारच होते. साहेबांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. काकू त्या शिक्क्याकडे बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, पुन्हा रडतायत. पण बाई हसत होत्या, पोट धरधरून.

"अहो, पण पान खराब झालं ना!" मी म्हटलं.

"छे!" काकूंनी वही पिशवीत नीट ठेवली. "बाकीचे सगळे शिक्के ह्यांनी तरुणपणीच बघितलेत. हा एक फक्त मी बघितलाय."