सॉक्सचे पंजे

केल्विन पार्डोला मांजर उत्तम काढता यायचं, फक्त पंजे सोडून. म्हणून त्याची झाडून सगळी मांजरं पोटापर्यंत गवतात बसलेली असत. मुरिंडा गावच्या कृषिप्रदर्शनात दरवर्षी त्याचं एक चित्र लागे, आणि दरवर्षी रॉस हॉलिडे त्या चित्रापुढे उभा राहून चार माणसांना ऐकू जाईल अशा बेताने विचारी, "काय रे केल्विन, गवत कापायला माणूस मिळत नाही का?" रॉस घरं रंगवायचा. चित्रकलेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बोलणं झोंबायचं, कारण ते खरं होतं.

अशात गावातला पब हॉलंडहून आलेल्या मारायकाने विकत घेतला. "माझ्या मांजराचं मोठं चित्र हवंय," ती केल्विनला म्हणाली. "पूर्ण मांजर, नाकापासून पंजांपर्यंत. काउंटरच्या वर लावू." केल्विन हो म्हणून मोकळा झाला आणि मग त्याने भिंतीकडे पाहिलं. रॉस रोज संध्याकाळी ज्या स्टुलावर बसून बियर पीत असे, त्याच्या बरोब्बर समोरची ती भिंत होती. पंजे जमले तर रॉसचं तोंड कायमचं बंद. नाही जमले तर मरेपर्यंत रोज संध्याकाळी ऐकून घ्यायचं.

आता अडचण अशी, की मांजर मारायकाच्या बहिणीकडे होबार्टला होतं आणि शनिवारी, पब पुन्हा उघडायच्या दिवशीच यायचं होतं. हातात होता एक फोटो. त्यात एक काळंभोर मांजर सोफ्यावर चारही पाय पोटाखाली घेऊन बसलेलं. फोटोमागे लिहिलं होतं, 'सॉक्स'.

केल्विनने पंजांसाठी घरचंच मांजर धरलं. त्याचं नाव बुलेट. हे मांजर जेवणाच्या ताटलीपासून खिडकीपर्यंत जाताना मध्ये एकदा विसावा घ्यायचं. केल्विनने त्याला काचेच्या टीपॉयवर ठेवलं, पुढ्यात सार्डिन माशांचा उघडा डबा ठेवला, आणि स्वतः वही घेऊन टीपॉयखाली उताणा झोपला. थोड्याच वेळात घर दणाणलं.

"लॉर्ना, इकडे ये. लवकर ये."

बायको हात पुसत आली. "काय झालं? कंबर धरली?"

"कंबर गेली खड्ड्यात. हा अंगठा बघ. वर राहतो, जमिनीला टेकतच नाही. मला कुणी कधी सांगितलंच नाही गं. आणि मधली दोन बोटं बघ, पुढे सरकलेली. कडेची दोन त्यांना रेलून बसलीत. मी आपला एक बटाटा काढून त्यावर रेघा मारत होतो. आणि नखं बाहेर नसतातच, आत ओढून घेतलेली असतात. मी आयुष्यभर नखं काढत आलो."

"आणि मी आयुष्यभर सोफ्यावर ती बघत आले. मला विचारायचंस," लॉर्ना म्हणाली. "तुझ्या कपाळावर तेल ठिबकतंय."

"ठिबकू दे."

बुलेटने डबा चाटूनपुसून संपवला, मग तो टीपॉयच्या कडेवरून खाली लोटला आणि स्वतः केल्विनच्या पोटावर उतरला. केल्विनला त्याचंही काही वाटलं नाही. उलट उतरताना बोटं कशी फाकतात ते दिसलं म्हणून तो हरखला आणि त्याने मांजराला पुन्हा वर चढवलं. आठवडाभर घराला सार्डिनचा वास येत होता. केल्विन जेवताना मध्येच उठून मांजराचा पाय हातात घेई, बोट हळूच दाबून नख बाहेर काढून बघे, आणि पुन्हा जेवायला बसे. लॉर्नाने त्याला हात धुवायला सांगणंही सोडून दिलं.

चित्र रंगवायला घेतलं तेव्हा तिने एकदाच तोंड घातलं. "नाव सॉक्स आहे ना? मग पाय पांढरे असतील त्याचे."

केल्विन हसायलाच लागला. "अगं, तुझा भाऊ तुळतुळीत टकला, त्याला सगळं गाव कर्ली म्हणतं. तो लाकूडतोड्या दारातून वाकून आत येतो, त्याचं नाव टायनी. हा आपला बुलेट बघ. कुणाचं नाव कधी सरळ असतं का? सॉक्स म्हणतात म्हणजे मोज्यांचा पत्ता नसणार. डोळे मिटून सांगतो, पाय काळे."

लॉर्नाने बुलेटकडे पाहिलं. तो झोपला होता.

मग केल्विनने ते पंजे रंगवले. काळ्यावर काळं, पण प्रत्येक बोट वेगळं, बोटांमधल्या फटीत निळसर सावली, केसांवर खिडकीचा उजेड, आणि अंगठा जिथे असायला हवा तिथेच. गवताचं एक पातं नाही. लॉर्ना चित्रापुढे येऊन उभी राहिली. "हे तू काढलंस?" तिने विचारलं. इतकं कौतुक तिने लग्नानंतर पहिल्यांदाच केलं होतं.

शनिवारी दुपारी तो चित्र घेऊन पबमध्ये गेला, तर रॉस शिडीवर उभा राहून खिडक्यांच्या चौकटींना शेवटचा हात मारत होता. केल्विनने चित्र भिंतीवर टांगलं आणि मुद्दाम बाजूला झाला. रॉस खाली उतरला, जवळ आला. नाक कॅनव्हासला लागेपर्यंत वाकला. एक पंजा बघितला, दुसरा बघितला, मग उरलेले दोन बघितले. तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोल की," केल्विन म्हणाला.

"काय बोलू?"

केल्विनला ते शब्द गाण्यासारखे वाटले. माणसं जमेपर्यंत झाकलेलं राहावं म्हणून त्याने चित्रावर टेबलक्लॉथ टाकला आणि स्वतःला एक बियर मागितली. ती यायच्या आत मारायका बास्केट घेऊन आली. झाकण उघडलं, आणि एक काळं मांजर काउंटरवर उतरून ऐटीत चालू लागलं. चारही पाय पांढरेफटक होते.

केल्विनने चारही पाय पुन्हा एकदा पाहिले. "हा सॉक्स?"

"हो. पायांत मोजे आहेत ना, म्हणून सॉक्स."

"म्हणजे मोजे आहेत म्हणून मोजे? तुम्ही नावं अशी सरळ ठेवता?"

"मग कशी ठेवायची?" मारायकाने विचारलं आणि ती दाराकडे गेली, कारण माणसं यायला लागली होती.

आता पबमध्ये पांढरा रंग एकाच माणसाच्या हातात होता. केल्विन त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "रॉस, तेवढा डबा दे."

"खिडकीचा रंग आहे हा."

"दे."

"ब्रश हाच आहे." तो हाताच्या पंजाएवढा रुंद होता.

केल्विन टेबलक्लॉथखाली शिरला. बाहेर नुसती त्याची पँट दिसत होती. आत त्याने ब्रश उचलला, पण तो टेकवायला हात पुढे होईना. त्या बोटांकडे बघून त्याला अक्षरशः रडू यायचं बाकी राहिलं. पण मारायकाचा आवाज जवळ येत होता. त्याने डोळे मिटले आणि ब्रश टेकवला. एका फटकाऱ्यात अंगठा गेला, सावली गेली, फट गेली.

"तो आत काय करतोय?" कर्लीने विचारलं.

"सही करतोय," रॉस म्हणाला.

"एवढा वेळ?"

"पूर्ण नाव घालतोय."

केल्विन बाहेर आला तेव्हा त्याच्या कानालाही रंग लागला होता. मारायकाने टेबलक्लॉथ ओढला. काळ्या मांजराखाली चार पांढरे गोळे होते, आणि एका गोळ्यातून रंग ओघळत होता. मारायकाने दोन्ही हात गालांवर ठेवले, तिचे डोळे भरून आले. "सॉक्स. अगदी माझा सॉक्स. पंजे तर बघा त्याचे."

पबमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कर्लीने केल्विनच्या पाठीत थाप मारली. "पंजे जमले बाबा तुला एकदाचे. आता गवत बंद." माणसं रांगेने हात मिळवायला आली, आणि प्रत्येक जण पंजांबद्दलच बोलला. लॉर्ना तेवढ्यात दारातून आत आली होती. तिने चित्राकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या कानाकडे पाहिलं. "घरी बोलू," ती म्हणाली.

माणसं आपापल्या टेबलांवर पांगल्यावर केल्विन हळूच रॉसच्या शेजारच्या स्टुलावर टेकला.

"तू पाहिलेस ना?"

"पाहिले."

"चारही?"

"चारही. अंगठ्यासकट." रॉसने ग्लास खाली ठेवला. "खरं सांगू? असे पंजे मी जन्मात पाहिले नव्हते. हात लावला असता तर आखडून घेतले असते."

एवढं एक वाक्य ऐकायला केल्विनने किती प्रदर्शनं सोसली होती. "मग सांग की यांना," तो म्हणाला. "एकदाच. मोठ्याने."

रॉसने भिंतीवरच्या चार गोळ्यांकडे अगदी सावकाश पाहिलं.

"कुणी विश्वास ठेवणार आहे का माझ्यावर?" तो म्हणाला आणि त्याने दुसरी बियर मागवली.