गाडीला अर्थ नाही

"वाक्य काय आणि वायरिंग काय, गोष्ट एकच!" सरांनी नाश्ता करता करता जाहीर केलं. "कोण कुणाला जोडलंय एवढं कळलं की झालं. दुपारी चारच्या आत गाडीचे सगळे दिवे लावून दाखवतो!"

तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं की माणसाला सगळं जग वाक्यासारखं दिसायला लागतं, त्याला इलाज नाही. मागे एकदा सरांनी न्हाणीघरातल्या नळाचं व्याकरण सुधारलं होतं, तेव्हा घरातल्या गाद्या तीन दिवस उन्हात वाळत होत्या. बायकोला ते चांगलं आठवत होतं. पण आज ती गप्प बसली, कारण समोर तिचे बाबा बसले होते.

बाबा म्हणजे सरांचे सासरे. वय चौऱ्याऐंशी, त्यातली चाळीस वर्षं डॉक्टरकीत गेलेली. ज्या गाडीतून ते रोग्यांच्या घरी जायचे, ती गोल पाठीची जुनी गाडी अजून शेडमध्ये उभी होती. रोज संध्याकाळी मुलगी, म्हणजे सरांची बायको, ती चालवायची, बाबा शेजारी बसायचे आणि तेवढा अर्धा तास त्यांना आपले गुडघे आठवायचे नाहीत. आज चार वाजता या गाडीची सरकारी तपासणी होती. दिवे नीट लागले तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नाहीतर थेट भंगारात!

तपासणीला गाडी देखणी दिसावी म्हणून सरांनी पंधरा दिवसांपूर्वी तिला स्वतःच्या हाताने रंग दिला होता. एक नाही, दोन नाही, चांगले चार हात! आणि नेमकं तेव्हापासून दिव्यांचं डोकं फिरलं होतं.

"ब्रेक दाबतोय! काय लागलं?" सर आतून ओरडले.

"मागचे पार्किंगचे दिवे!" बायको मागून ओरडली.

"अगं, ब्रेकचे लागायला हवेत!"

"मला कशाला सांगता? दिव्यांना सांगा!"

"बरं, आता उजवा इंडिकेटर!"

"अहो, ब्रेकचा दिवा डोळा मारतोय!"

सरांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलले. मग शास्त्रशुद्ध काम करायचं म्हणून प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवली. बॅटरीकडून येणारी वायर 'कर्ता', दिव्याकडे जाणारी 'कर्म' आणि स्विचची 'क्रियापद'. एवढं होऊनही हेडलाइट लावले की हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायला लागला!

"कर्म माझं!" बायको म्हणाली.

"ती डावीकडची वायर," सर म्हणाले.

अकरा वाजता सर हरले आणि त्यांनी वायरमनला फोन लावला. हा गाड्यांच्या वायरिंगमधला पोचलेला माणूस. तो कुठल्या तरी ट्रकच्या खाली होता, वर कुणीतरी हातोडा मारत होतं. सरांनी सगळी लक्षणं क्रमवार, विरामचिन्हांसकट सांगितली.

"सर," वायरमन ओरडला, "अर्थ नाही त्याला!"

सर चमकले. "म्हणजे? मी इतका वेळ बोललो त्याला?"

"गाडीला! मागच्या दिव्यांना तर बिलकूल अर्थ नाही. पुढच्यांनाही नसणार!"

"अहो, पण सकाळपासून राबतोय मी..."

"कितीही राबा! नवे बल्ब टाका, नवा स्विच टाका. अर्थच नाही म्हटल्यावर काय होणार? मी दुपारी येतो..."

"काही गरज नाही!" सरांनी फोन आपटला. माणसाने उपचार नाही सांगितला तरी चालेल, पण इतकं तोडून बोलायचं?

बाबा शेडच्या दारात काठी टेकून उभे होते. "काय म्हणाला? नेमके शब्द सांगा, जावईबापू."

सरांना खोटं बोलता येत नसे. "म्हणाला... अर्थ नाही."

बाबांनी पुढे होऊन गाडीच्या टपावरून हात फिरवला. "मीही रोग्याला कधी खोटी आशा दाखवली नाही," ते म्हणाले. "भंगारवाल्याला बोलवा. चारपर्यंत ताटकळत बसणं मला जमायचं नाही."

मुलीने भरल्या डोळ्यांनी फोन केला. बाबा गाडीत जाऊन बसले, स्टिअरिंगवर हात ठेवून. सरांना फार वाईट वाटलं. आपल्याला आयुष्यभर शब्द जोडता आले आणि दोन वायरी जोडता येऊ नयेत, याची त्यांना मनापासून लाज वाटली. ते मडगार्ड पुसत राहिले, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

दोन वाजता भंगारवाल्याचा टेम्पो आला. त्याने गाडीच्या पुढच्या बाजूला साखळी अडकवली. "आजोबा, उतरता का?" त्याने विचारलं. आजोबा काही उतरेनात.

तेवढ्यात फटफटत वायरमनची मोटारसायकल दारात आली. "इकडूनच चाललो होतो, म्हटलं बघून जावं. ही साखळी कसली?"

"आता विचारताय?" सर उसळले. "तुम्हीच म्हणालात ना, अर्थ नाही म्हणून!"

"मग नाहीच आहे!"

"ऐकलंत बाबा? तोंडावर सांगतोय!"

"अहो, नाही तर देऊ की! दहा मिनिटांचं काम आहे!"

"अर्थ असा दहा मिनिटांत देता येतो होय?"

"रोज देतो! काल एका ट्रॅक्टरला दिला!"

भंगारवाल्याने साखळी खाली ठेवली. "काय ते एकदा ठरवा बुवा. अर्थ आहे की नाही?"

वायरमनने कपाळाला हात लावला. "सर, अर्थ! अर्थिंग! दिव्यात गेलेला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. ती वाट बंद झाली की तो दुसऱ्या दिव्यांतून घुसतो, म्हणून ब्रेकचा दिवा डोळा मारतो!"

सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "अच्छा... म्हणजे भूसंपर्क!"

"तुम्ही काय वाटेल ते म्हणा, पाना द्या."

मागचा दिवा उघडला. खाली सरांचा रंग, स्क्रूच्या भोकातसुद्धा गुळगुळीत चार थर! "कुणी केलं हे?" वायरमनने विचारलं. सर आभाळाकडे बघायला लागले. बायको मात्र सरांकडेच बघत होती. वायरमनने पट्टीने रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला आणि स्क्रू आवळला. पुढेही तेच केलं. मध्येच थांबून म्हणाला, "ही 'कर्म' नावाची वायर कुठली कंपनी काढते?"

"बाबा, ब्रेक दाबा!" मुलगी मागून ओरडली.

बाबांनी ब्रेक दाबला. दोन्ही दिवे लालभडक लागले! इंडिकेटर एकटाच मिचकावू लागला, हॉर्नचा घसा मोकळा झाला. बाबांनी तो इतका वेळ वाजवला, की भंगारवाला कानांवर हात ठेवून टेम्पोत जाऊन बसला.

पावणेचारला गाडी तपासणीच्या आवारात उभी राहिली. तिथे एक अर्ज भरायचा होता. 'दोष व दुरुस्ती' या रकान्यात सरांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'वाहनास अर्थ नव्हता. तो आता प्राप्त झाला आहे.'

तपासनीस वयाने सरांच्या मुलासारखा होता. त्याने दोनदा गाडीभोवती चक्कर मारली, एकेक दिवा लावून बघितला. बाबांनी काठी घट्ट धरली होती. मग त्याने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून सरांकडे बघितलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो," सर म्हणाले.

तपासनिसाने अर्जावर दणकन शिक्का मारला. "पास! पाच वर्षं!" मग पेन काढून त्याने 'अर्थ' या शब्दावर काट मारली आणि वर 'अर्थिंग' लिहिलं. "शिकलेले दिसता, म्हणून सांगतो. शब्द नेमका वापरावा. नाहीतर समोरचा माणूस भलतंच समजून बसतो!"

गाडीत बाबांना हसता हसता ठसका लागला. बायकोने पदर तोंडात कोंबला.

तीस वर्षं शाळाभर 'सर' म्हणवून घेतलेल्या माणसाने मान खाली घातली आणि म्हटलं, "हो, सर."