उलटी पत्रिका

आमच्या छापखान्यातला सदा गेजगे लग्नपत्रिका छापायला घेण्याआधी उलटी धरून बघायचा. समोर मुलीचा बाप बसलेला असायचा, आणि हा त्याच्यादेखत गणपतीला खाली डोकं वर पाय करून डोळे बारीक करायचा. बाप कासावीस व्हायचा. "आवं, शकुनाचा कागद हाय त्यो."

सदा म्हणायचा, "उलटं धरलं की अक्षरं वाचाय येत न्हाईत. नुसतं वजन दिसतंय. कुठल्या अंगाला लवंडतंय ते कळतंय."

मग नव्वदच्या दशकात सांगलीच्या छापखान्यांतून अक्षरांचे शिशाचे खिळे गेले आणि कॉम्प्युटर आले. आमच्याकडेही आला. त्याचा पडदा काही उलटा करता येईना, तेव्हा सदाने स्वतःलाच उलटा केला. खुर्चीतून उठायचा, पडद्याकडे पाठ करायचा आणि वाकून दोन पायांमधून बघायचा. माधवनगरच्या एका बाईंनी त्याला चक्कर आली समजून पाणी आणून दिलं. पाणी पिऊन हा पुन्हा वाकला.

तसं एका जागी बसणं त्याच्या अंगातच नव्हतं. एक ओळ टाइप केली की दारापर्यंत जाऊन यायचा. समोरच्या किराणा दुकानाची पाटी एका बाजूला कलली होती, तिच्यावर तो रोज चिडायचा. लग्नसराईत गिऱ्हाईकं ताटकळत बसलेली आणि हा रस्त्यावर उभा राहून पाटीकडे मान वाकडी करून बघतोय. माझं रक्त आटायचं.

त्याचा खरा ध्यास म्हणजे मोकळी जागा. आणि आपल्याकडची पत्रिका कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. आजोबा, चुलते, मामा, मेव्हणे, व्याह्यांचे व्याही, आणि तळाला किलबिल म्हणून सगळी चिल्लीपिल्ली. यादी बघून सदा तळमळायचा. "ही पत्रिका हाय का जत्रंची यष्टी? अक्षराला दम घ्याय जागा ठेवा की."

एकदा त्याने कुणाला न विचारता नवऱ्या मुलाचा एक चुलता उडवला. दुसऱ्या दिवशी चुलता स्वतः हजर. "मला गाळलास व्हय रं?"

"गाळलं न्हाई, नाना. तुमच्या जागी मोकळीक ठिवलीया. नजर पयली तितंच जाती बगा."

सगळ्या पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागल्या. तेव्हा मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा माणसाचं लग्न ठरवायची पाळी माझ्यावर आली. त्याला घरचं कुणीच नव्हतं. साताऱ्याच्या एका वसतिगृहात वाढला आणि तिथून थेट माझ्याकडे आला. त्यामुळे कोरेगावला मुलगी बघायला मीच त्याला घेऊन गेलो. पोह्यांच्या बशा आल्या तरी हा चुळबुळतोय. शेवटी उठला, स्टुलावर चढला आणि भिंतीवरचा फोटो सरळ करून आला. मी मान खाली घातली. मुलगी म्हणाली, "बरं झालं. मलापण ते लय खुपत हुतं." जमलं लग्न.

पत्रिका एकच काढायची ठरली. उजवीकडे मुलीकडची नावं, डावीकडे मुलाकडची. सासऱ्याची यादी आली ती अर्धा कोरेगाव तालुका घेऊन. सदाने एक नाव कमी केलं नाही. सगळी बसवली, मग उठून पायांमधून बघितलं. बराच वेळ तो वर आला नाही.

"काय सदा, झाली ना मनासारखी मोकळी जागा?" मी सवयीने चिडवलं आणि जीभ चावली.

तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "मालक, तुमच्या घरात नावं किती हायती?"

मला वाटलं रेशनकार्डाचं काही असेल. "कशाला रे?"

"डावं अंग मोकळं न्हाई, रिकामं दिसतंय. कोरेगावची मानसं पत्रिका बगतील आन् म्हनतील, पोरगी कुनाच्या घरात दिली? घर हाय का तरी?"

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो आणि नावं सांगू लागलो. माझी आई, बायको, धाकटा भाऊ, मेव्हणे, साडू. किलबिलमध्ये माझ्या दोन्ही मुली. तो टाइप करत गेला. मला काम आलं म्हणून मी मध्येच उठलो.

संध्याकाळी त्याने प्रूफ माझ्यापुढे ठेवलं आणि दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मी लाल पेन घेऊन वाचायला लागलो. डावीकडे सगळ्यात वर निमंत्रक म्हणून माझं नाव होतं. हे मी सांगितलं नव्हतं. नावापुढे कंसात त्याने लिहिलं होतं, 'वडीलबंधु'.

पुढची अक्षरं मला नीट दिसेनात.

"सदा," मी म्हणालो, "इथे चूक आहे."

तो वळला. चेहरा पार उतरलेला. "व्हय मालक. आधी इचाराय पायजे हुतं. काढून टाकतो."

"काढतोस कशाला? बंधूतला धू दीर्घ कर."