भिंतीपलीकडची हजेरी

सकाळी माझा कुकर लागायच्या आत भिंतीपलीकडून आवाज सुरू होतो.

"घाटगे बेकरी... हाय. सुतार फर्निचर... हाय. दातांचा दवाखाना... हाय, पण सुस्त हाय."

शिवाजी पेठेतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एक माझं आणि दुसरं भूपाल चौगुलेचं. मधली भिंत इतकी पातळ, की त्यानं शिंकावं आणि मी नाक पुसावं. नव्या माणसाला वाटतं, पलीकडे शाळा भरते. शाळा नाही. भूपाल वेबसाइट बनवतो, नोकरीत नाही, घरी बसून, स्वतंत्रपणे. आजवर बनवलेली प्रत्येक वेबसाइट तो रोज सकाळी उघडून बघतो आणि चालू असली की मोठ्यानं "हाय" म्हणतो. मालक ती विसरला असला तरी.

"अरे, त्या घाटग्यांनी बेकरी विकली," मी एकदा म्हटलं. "तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात."

"बेकरी गेली असंल अक्का, पर पानावर खारी अजून ताजीच हाय की."

मी त्याच्याहून मोठी, म्हणून त्याच्या कुरुंदवाडच्या घरातल्या रीतीनं तो मला अक्का म्हणतो. त्याचं लग्न झालेलं नाही. दोनतीनदा जमत आलं होतं. पण मुलीकडचे चौकशीला यायचे आणि पेठेतलं कुणीतरी सांगायचं, "पोरगं चांगलं हाय, दिवसभर घरातच असतंय." झालं, पाव्हणे तिथूनच परत.

तेव्हापासून भूपाल ऑफिसला जातो. म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालतो, दाराला कुलूप लावतो, तालमीपर्यंत चालत जातो, परत येतो, कुलूप काढतो आणि त्याच खोलीत बूट न काढता कामाला बसतो. संध्याकाळी तीच फेरी उलट. जिन्यात भेटला तर मी विचारते, "सुटलं का ऑफिस?" तो दमलेल्या आवाजात म्हणतो, "सुटलं एकदाचं."

माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्याची वेबसाइट भूपालनंच केली. मला वर एक पळणारी गाडी हवी होती.

"माणूस क्लास लावायला आलाय अक्का, जत्रा बघायला न्हाय," म्हणून त्यानं माझा फोन नंबर टाकला, क्लासची वेळ टाकली आणि विषय संपवला. वेबसाइटचा पत्ता मात्र माझ्याच नावावर, माझ्याच मोबाइलवर नोंदवला. इथं तो कुणाचं ऐकत नाही. म्हणाला, "आमच्या धंद्यातली निम्मी पोरं पत्ता सोताच्या नावावर ठेवत्यात, मग गिऱ्हाईक जलमभर अडकून बसतंय. सातबारा ज्याचा त्येच्या नावावर पायजे."

या तत्त्वाचा त्रास असा, की दर वर्षी पत्त्याची मुदत वाढवायची वेळ आली की ओटीपी मालकाच्या फोनवर येतो. शिकाऊ मुलगी भर चौकात क्लचवरून पाय काढते, मागचे ट्रकवाले आमच्या खानदानाचा उद्धार करतात आणि नेमका तेव्हा भूपालचा फोन येतो, "अक्का, आला का ओटीपी?"

हल्ली त्याचं काम आटलंय. एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं, की आता मशीनच मिनिटात वेबसाइट करून देतं. भूपाल भांडला नाही. मला म्हणाला, "करू दे की. सकाळी उठून बघणार हाय का ते मशीन?"

हजेरीतलं शेवटचं नाव कायम एकच. "अण्णा रोपवाटिका... हाय." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग चहा.

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. कुरुंदवाडला उसाची रोपं विकायचा. भूपालनं बनवलेली पहिली वेबसाइट त्याचीच. तिच्यावर अण्णा हिरव्या जाळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलाय, मांडीवर रोपांचा ट्रे, चेहरा फौजदारासारखा. भूपाल म्हणाला होता, "जरा हस की." अण्णा म्हणाला, "लोकं रोपं बघायला येत्यात, दात न्हाय."

अण्णा त्याच जाळीखाली उभ्याउभ्या कोसळून गेला, त्याला आता बराच काळ झाला. वहिनी मुलाकडे पुण्याला गेल्या. रोपवाटिकेच्या जागी दुसऱ्याचा ऊस उभा आहे. वेबसाइट तेवढी राहिली. तिच्यावरून अजून कुणी ना कुणी रोपं मागतं आणि भूपाल अण्णाच्या नावानं उत्तर देतो, "सध्या रोपं शिल्लक नाहीत, शिरोळ रस्त्याला चौकशी करावी." अण्णा गेला असं त्यानं एकालाही कळवलेलं नाही.

"का रे?" मी विचारलं.

"कुणी इचारलं न्हाय," तो म्हणाला.

या हिवाळ्यात एका सकाळी तो माझ्या दारात उभा. शर्ट इस्त्रीचा, पण पाय अनवाणी.

"अक्का, अण्णाचा पत्ता सुटतोय."

अण्णा असताना काही वर्षांची मुदत एकदमच भरली होती, ती आता संपत आली होती. वाढवायला ओटीपी हवा होता आणि तो जाणार अण्णाच्या मोबाइलवर. सुतकाच्या गडबडीत तो फोन कुणी रिचार्ज केलाच नाही. नंबर बंद पडला आणि पुढं दुसऱ्या कुणाला तरी मिळाला.

"समद्या गावाच्या तारखा माझ्या डोक्यात," भूपाल म्हणाला. "अण्णाचं रिचार्ज तेवढं ऱ्हायलं."

"पत्त्याच्या कंपनीला सांगितलंस का, भाऊ वारला म्हणून?"

"सांगितलं की. मालकाला फोन करायला लावा म्हणत्यात."

"मग वेबसाइट दुसऱ्या पत्त्यावर टाक."

"अण्णानं हाच पत्ता टेम्पोवर रंगवलाय. पावतीवर छापलाय. लोकं हितंच येणार. दार बंद बघून माघारी जातील."

मी त्या नंबरवर फोन लावायला सांगितलं. त्यानं लावला. "पावणं, तुमच्याकडं एक ओटीपी येईल, तेवढा—" पलीकडून जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मी माझ्या फोनवरून लावला. "आता बाईला म्होरं केलंय व्हय!" मागं ट्रॅक्टर घुमत होता.

"दादा, आमची तोंडं तरी बघा, मग शिव्या द्या," मी म्हटलं. "सांगाल तिथं येतो."

त्यानं ट्रॅक्टर बंद केला. मग म्हणाला, "शिरोळला या वजनकाट्यावर. दोघंबी या."

रविवारी माझ्या शिकवायच्या गाडीतून निघालो. भूपाल बूट घालून शेजारी बसला होता. त्या गाडीत शेजारच्या सीटलाही ब्रेक असतो. वाटेत त्यानं तो दोनदा दाबला, दोन्ही वेळा रस्ता मोकळा होता.

वजनकाट्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. ट्रॅक्टरवाला तिशीचा, आवाज फोनपेक्षा निम्मा. भूपालनं त्याला फोनवर अण्णाचा फोटो दाखवला. तो फोटोकडं बघत राहिला.

"ह्योच व्हय त्यो रोपंवाला? ह्येच्यासाठी मला किती फोन आलं म्हायतंय? समद्यास्नी राँग नंबर म्हणून शिव्या घातल्या मी. वारला म्हणून कुणी सांगितलंच न्हाय."

त्यानं चहा सांगितला. ट्रॉलीतला ऊस काढून दिला. सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "दादा, तू खोटा वाटत न्हाईस. पर माझ्या मेव्हण्यानं असाच एकाला ओटीपी दिला आणि हुतं न्हवतं ते गेलं. आई शप्पत, च्या घ्या, ऊस न्या. ओटीपी न्हाय देणार."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी स्वतः प्रत्येकाला हेच सांगते.

"बरोबर हाय तुमचं," भूपाल म्हणाला आणि चहा संपवला. निघताना त्यानं एकच मागितलं, "आता कुणाचा फोन आला, तर शिव्या नका घालू. रोपं न्हाईत म्हणा."

"म्हणतो," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

परतताना भूपाल ऊस मांडीवर आडवा धरून बसला होता. ब्रेक एकदाही दाबला नाही.

पत्ता सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. भिंतीपलीकडे बेकरी झाली, फर्निचर झालं, दवाखाना झाला, माझं ड्रायव्हिंग स्कूल झालं.

"अण्णा रोपवाटिका..."

पुढं काही नाही. खुर्चीही सरकली नाही. माझ्या कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, तरी पलीकडे शांतता. मला समजूत घालणं जमत नाही, आणि क्लासला उशीर होत होता. मी कणकेच्या हातानं भिंतीवर दोन थापा मारल्या.

"हाय रे! ऊठ आता, च्या घे!"

थोड्या वेळानं खुर्ची सरकली.

आता हे रोजचं झालंय. शेवटचं नाव तो घेतो आणि थांबतो. हाय मी म्हणते.