वडिलोपार्जित अविश्वास

माणसाला काहीही मानायचे असेल तर ते एकट्याने जमते. काहीही न मानायला मात्र मंडळ लागते. विद्यापीठातील ‘निधर्मी विद्यार्थी मंडळ’ याच गरजेतून निघाले. पहिल्या वर्षी सभासद चार होते, तिसऱ्या वर्षी तीनशे. (वाढीचे कारण मंडळाच्या मते विवेक, चहावाल्याच्या मते बिस्किटे.)

बारकी वसतिगृहात नवीन होती. महिनाभर तिच्याशी कुणी धड बोलले नव्हते. चार माणसांत बसायला मिळावे, एवढ्यासाठी ती मंडळाच्या निवड समितीपुढे मुलाखतीला गेली.

“तू काय सोडलंस?” अध्यक्षांनी विचारले. इथे प्रत्येकाने काहीतरी सोडलेले होते. कुणी प्रार्थना, कुणी ताईत, उपाध्यक्षांनी तर घरच. (रविवारी जेवायला जात.)

“काहीच नाही, दादा. आमच्याकडे आजोबांपासूनच कुणी काही मानत नाही.”

समिती हळहळली. “म्हणजे वडिलोपार्जित! अगं, घरचे सांगतात म्हणून मानायचं नाही, हे आपलं पहिलं तत्त्व.”

“पण मी मानतच नाही ना!”

“तेही घरचे सांगतात म्हणूनच.”

बारकीला रडू आले. समिती निर्दय नव्हती. तिने तोडगा काढला: उमेदवाराने एक शैक्षणिक सत्र कशावर तरी मनापासून श्रद्धा ठेवावी, मग ती विचारपूर्वक सोडावी आणि पुन्हा यावे.

बारकी वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या प्रार्थनागटात गेली. तिथे निम्म्या मुली डोळे मिटून उद्याच्या प्रॅक्टिकलची उजळणी करत होत्या. एकीने सरकून जागा दिली आणि विचारले, “जेवलीस का गं?” बारकीला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

सत्र संपले. समितीने तिला बोलावले. “हं, आता सोड.”

“देव आत्ता सोडते, दादा. तो माझ्याकडे कधी नव्हताच. पण त्या मुलींना कसं सोडू?”

समितीने एकमताने तिची नोंद ‘श्रद्धाळू’ अशी केली. हे ऐकून बारकीचे आजोबा दोन दिवस जेवले नाहीत.

वाचकहो, तुमची गोष्ट अर्थातच वेगळी. तुमचे प्रत्येक मत तुम्ही स्वतः, नीट विचार करून बनवले आहे. ते तुमच्या वडिलांच्या मताशी तंतोतंत जुळते, हा निव्वळ योगायोग. आणि जुळत नसेल, तर ते तुमच्या मित्रमंडळींच्या मताशी जुळते, हा दुसरा.