सभासद नसल्याचा दाखला

सभासद असल्याचं ओळखपत्र पुष्कळांच्या खिशात असतं. सभासद नसल्याचा दाखला मात्र मी एकाच माणसाकडे पाहिला, आणि तो मीच टाईप केलेला होता. संघटनेच्या लेटरहेडवर, गोल शिक्क्यानिशी: 'श्री. हिराजी म्हात्रे हे आमच्या संघटनेचे सभासद नाहीत व पूर्वीही नव्हते.' 'यापुढेही नसतील' असंही घाला, असा त्यांचा आग्रह होता. मी नकार दिला, कारण पुढची हमी आमची संघटना कोणालाच देत नाही. तो कागद त्यांनी लॅमिनेट करून ट्रकच्या काचेला, गणपतीच्या फोटोशेजारी चिकटवला. दर एप्रिलमध्ये ते त्याचं नूतनीकरण करून घ्यायला येत.

मी कळंबोलीत ट्रकवाल्यांच्या एका संघटनेच्या ऑफिसात काम करते. ज्याची एकच गाडी आहे आणि ती तो स्वतःच चालवतो, अशांची ही संघटना. पत्रं लिहिणं, सभेचं इतिवृत्त ठेवणं आणि आवाज चढायला लागले की टेबलावरचा पेपरवेट गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकणं ही माझी कामं. नवे सभासद करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. ही बढाई आहे, पण खरी आहे. अर्धा कप चहा संपेपर्यंत मी समोरच्याकडून फॉर्म भरून घेते. हिराजीदादांनी मात्र बारा वर्षं माझा चहा प्यायला आणि फॉर्मवर कप ठेवला.

माणूस साठीचा. खाडीकाठच्या गावचा, म्हणजे नवी मुंबई यायच्या आधीपासून इथलाच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दहा चाकी ट्रकमधून लोखंडी सळया नेणारा दुसरा कोणी मला माहीत नाही. दर महिन्याच्या सभेला ते सगळ्यांच्या आधी हजर. बिनसभासदाला सभेत बसता येत नाही, म्हणून खुर्ची दारात टाकायची, मागचे दोन पाय बाहेर, पुढचे दोन आत. सगळ्यात जास्त बोलायचं त्या खुर्चीनं.

"मॅडम, संघटनेत येऊन फायदा काय? लोड तुमी देता कसा? नंबरानी," ते सुरू करत. "रेशनला रांग, गॅसला रांग, आता माजे गाडीला पन रांग?"

"नंबर नसला की दलाल तुम्हाला एकमेकांशी झुंजवतात, दादा. भाडं पाडतात."

"मना कोन पाडनार? मी आदीच खाली बसलेला हाय."

"आणि गाडी कुठे अडकली तर? संघटनेचा वकील आहे."

"वकील लागतो चुकनाऱ्याला. एक गाडी, एक टाळकं, बास!"

या 'बास'नंतर चहा येई. संघटनेची नियमावली त्यांना पाठ होती, आमच्या कमिटीपेक्षा जास्त. एकदा नियम सोळामधली चूक त्यांनी दाखवून दिली, ती आम्ही दुरुस्त केली आणि ठरावात त्यांचे आभार मानले. तर आभार मागे घ्या म्हणून अर्ज घेऊन आले.

दाखल्याची गोष्टही अशीच. पुण्याकडच्या एका गोदामाबाहेर माल उतरवायला त्यांची गाडी तीन दिवस उभी होती. आमच्या सभासदांच्या गाड्या मागून येऊन रिकाम्या होऊन गेल्या. दादांनी स्टोव्हवर भात शिजवला आणि 'आराम करतंय' म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी आमच्या अध्यक्षांनी गोदामात फोन केला, 'ती पांढऱ्या शर्टवाल्याची गाडी पण आमचीच हाय.' तासाभरात गाडी रिकामी. परत आल्यावर दादा तडक माझ्या टेबलासमोर उभे. "मना लिवून द्या, मी तुमचा नाय!"

एवढा राग एका फोनचा नव्हता. अध्यक्ष काशिनाथशेठ म्हात्रे हे हिराजीदादांचे सख्खे धाकटे भाऊ.

शहरासाठी जमिनी गेल्या, त्याबदल्यात दोघांना मिळून एक भूखंड मिळाला. धाकट्याला तिथं बिल्डिंग हवी होती, थोरल्याला गाडी लावायला मोकळी जागा. बिल्डिंग झाली. "तुजे उंबऱ्याला पाय लावनार नाय," असं थोरला भरल्या गावात बोलून बसला. मग बिल्डरनं वाटणी अशी केली की थोरल्याचं घर तळमजल्यावर आणि धाकट्याचं बरोब्बर त्याच्या डोक्यावर. पंधरा वर्षं झाली. दादांची बायको गेली, मूलबाळ नाही. जिना मात्र ते एकदाही चढले नाहीत.

बोलणं काय ते सभेत, आणि तेही माझ्या मार्फत.

"मॅडम, अध्यक्षाला इचारा, तिसरा वडापाव कोन खातो? डॉक्टरानी काय सांगितलाय?"

"मॅडम, बिनसभासदाला सांगा, ब्रेक तपासल्याबिगर घाटात जाऊ नको."

मी इतिवृत्तात लिहीत असे, 'अल्पोपाहार व रस्तासुरक्षा या विषयांवर साधकबाधक चर्चा झाली.' एकदा चक्काजाम होता. दादा गाडी काढणार आणि भावाचं नाक कापणार, अशी सगळ्यांची खात्री. दादांनी दिवसभर गाडी जागची हलवली नाही. विचारलं तर म्हणाले, "मी संपात नाय. टायर थंड करतंय."

यंदा दिवाळीनंतर काशिनाथशेठचं हृदयाचं ऑपरेशन झालं. चार-पाच दिवसांनी ते घरी आले, पण पुढच्या सभेला खुर्चीत उपाध्यक्ष बसले. दादा आले, दारात खुर्ची टाकली आणि अवाक्षर बोलले नाहीत. सभा वीस मिनिटांत संपली. इतकी चांगली सभा कोणालाच आवडली नाही.

सगळे गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले. शर्टाला इस्त्री नव्हती.

"मॅडम, सभासद आजारी झाला तर तुमचेकडं काय करतात?"

मी आमची पद्धत सांगितली. दोघं जण नारळ आणि फळं घेऊन त्याच्या घरी जातात आणि संघटनेचं पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखवतात.

"कोन जातो? कोनी पन?"

"सभासदच लागतो," मी ठासून सांगितलं. असा नियम कुठेही नाही.

नियमावली पाठ असलेला तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. कितवा नियम म्हणून विचारलं असतं तर माझी पंचाईत होती. त्यांनी विचारलं नाही.

"द्या फॉर्म," म्हणाले.

लिहिता लिहिता, मान वर न करता, ते बोलत होते. "वरती रोज सकाली पाचला त्याचे पाय वाजाचे. त्यानीच मी उठाचो. गजर कदी लावला नाय." पेन थांबलं. "दोन आठवडे झाले, पाय वाजला नाय."

बारा वर्षं ज्या सहीसाठी मी जंग जंग पछाडलं, ती अशी हातात पडली आणि मला तिचा काडीचा आनंद झाला नाही. काचेवरचा दाखला काढून आणून देतो, असंही त्यांनी सांगितलं. राहू द्या, एप्रिलपर्यंत मुदत आहे, असं मी म्हटलं.

रविवारी सकाळी अकराला आम्ही निघालो. दुसरा सभासद माल घेऊन नाशिकला गेला होता, म्हणून फळांची पिशवी घेऊन मी. आमचा सगळा प्रवास अठरा पायऱ्यांचा. आयुष्यभर घाट चढवलेला हा ड्रायव्हर नवव्या पायरीवर थांबला.

"आत जाऊन बोलाचा काय?"

"बोलायचं कशाला? पत्र आहे ना."

दार सुनंदावहिनींनी, काशिनाथशेठच्या बायकोनं उघडलं. थोरल्या दिरांना बघून त्यांनी पदर सारखा केला आणि बाजूला झाल्या. दादांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभं राहून वाचायला सुरुवात केली. "आमचे सन्माननीय अध्यक्ष यांस…"

"कोन वाचतंय?" आतल्या कॉटवरून आवाज आला.

"सभासद."

"कंदीपासून?"

"परवापासून."

दादा पुढे वाचू लागले. "आपण लवकर बरे व्हावे व…" आणि तिथंच अडले. पुढचे शब्द मला तोंडपाठ होते. मी सांगितले नाहीत.

"आतमदे येऊन वाच," काशिनाथशेठ म्हणाले. "बाहेरचा ऐकू येत नाय."

ऑपरेशन हृदयाचं झालं होतं, कानांना काही झालेलं नव्हतं. पण दादांनी वाद घातला नाही. पत्राची घडी घातली आणि उजवा पाय आत टाकला.

खोली त्यांच्या खोलीसारखीच होती. तीच खिडकी, तेच कोपरे, फक्त इथं भिंतीवर नातवंडांनी पेन्सिलीनं ट्रक काढले होते. ते उभ्या उभ्या सगळीकडे बघत होते.

"पंधरा वर्सं मना इचारतोस," काशिनाथशेठ म्हणाले. "आता मी इचारतो. संघटनेत येऊन फायदा काय झाला?"

हिराजीदादा कॉटच्या पायथ्याशी टेकले आणि पांघरुणावरून भावाचे पाय दाबायला लागले. मी नारळ वहिनींच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरत नव्हतं.

काशिनाथशेठनी पाय आखडून घेतले. थोरल्या भावानं धाकट्याच्या पायांना हात लावायचा म्हणजे काय!

"दादा, पाय नको रे."

"गप पड," दादा म्हणाले. "संघटनेचा काम हाय."